पाबळ येथील हस्तोद्योगशिक्षण आणि त्याचीं साधनें

शिरूर तालुक्यांतील कवठे येमाई, कान्हूर मेसाई, केंदूर, पाबळ हा पट्टा अवर्षणाचा. त्यांपैकीं पाबळचें नांव इतिहासाच्या अभ्यासकांस मस्तानीमुळें ठाऊक आहे. बाजीरावसाहेबांनीं तिला दिलेल्या गांवांत पाबळ होतें, आणि 1740 सालीं ती वारल्यावर तिची कबरहि तेथेंच झाली. ही कबर पाहून परतणाऱ्या संशोधकाचें लक्ष त्याच गांवांतील दुसऱ्या एका गोष्टीकडे वेधावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. ती गोष्ट म्हणजे तेथील माध्यमिक शाळेंतील मुलांमुलींस आराखडा, कारखान्यांतील काम व स्वयंपाक शिकविण्याचा प्रयोग. तो अलीकडचा असला तरी आपल्या जुन्या कागदपत्रांत राहून गेलेल्या एका उणिवेशीं त्याचा निकट संबंध आहे.

ती उणीव अशी. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादींत तोफखाना, दारूखाना, जामदारखाना यांच्या पंक्तीस मुदबखखाना, म्हणजे स्वयंपाकघर, दिलेला आढळतो. जेथें हातानें कांहीं सिद्ध होतें किंवा जपलें जातें तो कारखाना, असा त्या शब्दाचा व्यापक अर्थ होता. भट्टी आणि चूल यांत भेद नव्हता. परंतु या कारखान्यांत प्रत्यक्ष काम करणारा हात काय जाणत होता, हें कागद सांगत नाहींत. गांवगाड्याचेंहि तसेंच. सुताराचें व लोहाराचें बलुतें कोणाचें, वडील भाऊ कोणता, वांटणी कशी, यासंबंधीं महजर व निवाडपत्रें आहेत. पण सुतारानें नांगर कसा घडविला, लांकूड कोणतें निवडलें, लोहारानें फाळास पाणी कसें दिलें, याची टिपणें सहसा सांपडत नाहींत. कागदांत हक्क उतरला, हुन्नर उतरला नाहीं. स्वयंपाकाची स्थिति किंचित् बरी. रघुनाथ गणेश नवहस्त यांचें ‘भोजनकुतूहल’ सतराव्या शतकांतील, पण तें संस्कृतांत. आणि मराठींत छापलेलें ‘सूपशास्त्र’ 1875 सालचें. हुन्नर बापाकडून मुलास आणि सासूकडून सुनेस मिळावयाचा, म्हणून तो लिहून ठेवण्याचें कोणास कारणच पडलें नाहीं.

ही विद्या शाळेंत आणावी, हा विचार मात्र नवा नव्हे. जोतीराव फुले यांनीं 1882 सालीं हंटर आयोगापुढें दिलेल्या निवेदनांत प्राथमिक शाळांतून शेतीचें व आरोग्याचें प्राथमिक ज्ञान द्यावें, असें मागितलें. तळेगांव दाभाडे येथें विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या समर्थ विद्यालयानें राष्ट्रीय शिक्षणास उद्योगाची जोड दिली. तें 1910 सालीं सरकारनें बंद पाडलें. ऑक्टोबर 1937 मध्यें वर्धा येथील परिषदेंत गांधीजींच्या पुढाकारानें हस्तोद्योग हाच शिक्षणाचा मध्य मानला गेला आणि झाकिर हुसेन समितीनें त्याची योजना आंखली. कोठारी आयोगानें (1964–66) ‘कार्यानुभव’ हा विषय सुचविला. 1977 सालीं ईश्वरभाई पटेल समितीनें ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असें नवें नांव योजिलें. नांवें बदलत गेलीं. परंतु बहुतेक शाळांत हा तास कागदी फुलें आणि खडूच्या कांड्या यांच्यापुढें फारसा सरकला नाहीं. त्याचीं कारणें उघड आहेत. शिक्षकास हें काम येत नसे, शाळेजवळ हत्यारें नसत, आणि केलेली वस्तु कोणाच्या उपयोगी पडत नसे.

कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनींच 1948 सालीं भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली होती. पुढें ती पुण्यास आली. याच संस्थेचें केंद्र म्हणून 1983 सालीं पाबळ येथें विज्ञान आश्रम सुरू झाला. त्याचे संस्थापक डॉ. श्रीनाथ कलबाग (1928–2003) हे मूळचे अन्नतंत्रज्ञ. इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेंतील काम, मग हिंदुस्थान लीव्हरच्या मुंबईतील संशोधन केंद्रांतील पद, असा त्यांचा पूर्वक्रम होता. तें पद सोडून ते पत्नी मीरा कलबाग यांच्यासह या कोरडवाहू गांवांत राहावयास आले. येथें जें साधेल तें इतरत्रहि साधेल, ही त्यांची धारणा होती. त्यांचें म्हणणें सरळ होतें. मूल हातानें करतां करतां शिकतें. खेड्यांतील मुलास शाळा नकोशी होते ती बुद्धि कमी म्हणून नव्हे, तर शाळेंत हातास काम नाहीं म्हणून.

1987 सालापासून पाबळच्या श्री भैरवनाथ विद्या मंदिरांत आठवी ते दहावीच्या वर्गांस ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय शिकविला जाऊं लागला. पुढें राज्यांतील इतर शाळांनींहि तो स्वीकारला. आठवड्यांतील एक दिवस या कामास असे. विषयाचे भाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. पहिल्यांत सुतारकाम, वेल्डिंग, विटांचें बांधकाम, नळजोडणी. दुसऱ्यांत विजेची जोडणी, गोबरगॅस, जमिनीची मोजणी. तिसऱ्यांत मातीची परीक्षा, रोपवाटिका, जनावराच्या छातीचा घेर व लांबी मोजून त्याचें वजन काढणें. चौथ्यांत चिक्की, लोणचीं, पाव यांसारखे पदार्थ, आहारांतील पोषणाचा हिशेब, शिवणकाम, रक्तांतील हिमोग्लोबिनची तपासणी. शिकविण्यास गांवांतीलच कुशल कारागीर किंवा आश्रमांत तयार झालेले तरुण घ्यावयाचे; आणि मुलांनीं केलेलें काम गांवाच्या उपयोगी पडावें, असा दंडक होता. म्हणजे वर सांगितलेल्या तिन्ही अडचणींस एकेक उत्तर शोधलेलें होतें.

इतिहासदृष्ट्या यांत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली ही कीं, चारहि भाग सर्वांस सारखे होते. वेल्डिंगची कांडी मुलीच्या हातीं आणि चिक्कीचा पाक मुलाच्या देखरेखीखालीं, अशी व्यवस्था झाली. जें काम जातीनें व लिंगानें वांटलेलें होतें, तें वर्गाच्या वेळापत्रकांत आलें. दुसरी गोष्ट आपल्या मंडळास अधिक जवळची आहे. प्रत्येक काम लिहून ठेवावें लागे. स्टूल करावयाचें तर आधीं त्याचा समोरून, वरून व बाजूनें आराखडा, मग सामानाची यादी, दर, लागलेला वेळ, मजुरी व एकूण खर्च. चिक्कीची नोंदहि याच रीतीची: शेंगदाणे किती, गूळ किती, इंधन किती, आणि किलोमागें किंमत काय पडली. कारखाना आणि मुदबखखाना पुन्हा एका वहींत आले. आणि ज्या हुन्नरास पूर्वी कागद मिळाला नव्हता, त्यास तो मिळाला.

या वह्या साधनें म्हणून मानाव्यात काय, अशी शंका येईल. शाळकरी पोरांच्या प्रयोगवहींत इतिहास कसला, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर एवढेंच कीं, वाण्याच्या वहीवरून व कोठीच्या झडतीवरून पेशवाईंतील धान्याचे भाव आपण काढतों, तेव्हां त्या लिहिणारासहि आपण इतिहास लिहीत आहों हें ठाऊक नव्हतें. अमुक सालीं खेड्यांत गुळाचा व लोखंडाचा भाव काय होता, शाळेच्या भट्टींत काय भाजलें जाई, मुली कोणतीं हत्यारें वापरीत, या प्रश्नांचीं उत्तरें कोणत्याहि सरकारी अहवालापेक्षां अशा वहींत अधिक नेमकीं मिळतील.

अर्थात् या साधनांचीहि पारख केली पाहिजे. एकाची वही पाहून दहा जणांनीं उतरून काढणें ही विद्यार्थ्यांची जुनी रीति आहे. बखरींच्या नकलांप्रमाणें येथेंहि मूळ प्रत व नक्कल वेगळी काढावी लागेल. आंकडे हुबेहूब सारखे असतील तर संशय घ्यावा. जेथें खाडाखोड आहे, अंदाजाहून खर्च वाढलेला आहे, तेथें हात खरा मानावा. शिवाय वही शिकविलेलें सांगते, पुढें उपयोगांत आलेलें सांगत नाहीं. त्यासाठीं त्या त्या तुकडीच्या माणसांस विचारूनच टिपण करावें लागेल, आणि पहिल्या तुकड्यांचीं मुलें आतां पन्नाशींत आलेलीं आहेत.

पाबळचा आश्रम पुढेंहि चालत राहिला. 2002 सालीं अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेच्या साह्यानें तेथें संगणकावर आराखडा करून वस्तु घडविणारी ‘फॅब लॅब’ निघाली. त्या देशाबाहेरील अशा पहिल्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. 2020 सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंहि शाळेंत हस्तकौशल्यास स्थान दिलें आहे. हें वाढत जाईल तसा संगणकावरील आराखडा कागदाची जागा घेईल, आणि हातानें काढलेल्या स्टुलाच्या रेघा व पेन्सिलीनें मांडलेले गुळाचे भाव दुर्मिळ होतील. परीक्षा संपलेली वही घरांतील रद्दींत जाण्यास एक पावसाळा पुरतो. ज्या संग्राहकांस या तालुक्यांत जुन्या बाडांसाठीं फिरण्याचा योग येईल, त्यांनीं बाडाखालील अशी एखादी वहीहि मालकाच्या संमतीनें उचलावी, तिच्यावर साल व शाळा टिपून ठेवावी. तीनशें वर्षांपूर्वीच्या सुताराचें टिपण आपणांस मिळालें नाहीं, यास आपला इलाज नव्हता. त्याच गांवच्या, पाटीवर नव्हे तर लांकडावर शिकलेल्या मुलाचें टिपण हरवलें, तर तो दोष मात्र आपला ठरेल.