पुराव्याचा पाठलाग : हिंदी राजकीय थरारपटाची वाटचाल

हिंदी राजकीय थरारपटात गुन्हेगार कोण, हे बहुतेक वेळा लवकरच उघड होते. उत्कंठा उरते ती पुराव्याची. साक्षीदार तोंड उघडेल का, निगेटिव्ह हाती लागेल का, शवविच्छेदनाचा अहवाल बदलला जाईल का, आणि हाती आलेले सत्य कोर्टापर्यंत किंवा छापखान्यापर्यंत पोहोचेल का, या प्रश्नांवर कथा पुढे सरकते. म्हणूनच या चित्रपटांचे नायक बहुधा वकील, फौजदार, संपादक, छायाचित्रकार किंवा सनदी अधिकारी असतात. सत्याची नोंद करणे हेच त्यांचे काम, आणि त्या नोंदीवर दाब येतो तिथे नाट्य सुरू होते. गंमत अशी, की पडद्यावरच्या पुराव्यांची जी गत होते तीच यांतल्या काही चित्रपटांचीही झाली.

या प्रकाराची मुळे १९५०च्या दशकातील गुन्हेपटांत सापडतात. गुरुदत्त यांची निर्मिती आणि राज खोसला यांचे दिग्दर्शन असलेल्या ‘सी.आय.डी.’ची (१९५६) सुरुवात एका वृत्तपत्र संपादकाच्या खुनाने होते. शहरातल्या एका बड्या माणसाचे बिंग तो फोडणार असतो. तपास करणाऱ्या इन्स्पेक्टरवर कोठडीतल्या मृत्यूचा आळ येतो, पण शेवटी तो निर्दोष ठरतो आणि खरा सूत्रधार पकडला जातो. पैसेवाला माणूस वाईट असू शकतो, पोलीस खाते आणि न्यायालय मात्र शाबूत आहेत, हा त्या काळाचा विश्वास या शेवटात दिसतो. कोठडीतल्या मृत्यूचा हाच धागा पुढे सत्तावीस वर्षांनी ‘अर्धसत्य’मध्ये आला, तेव्हा आळ खरा होता.

सत्ताधाऱ्यांवर थेट बोट ठेवण्याच्या आड कायदाही होता. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्राशिवाय कोणताही चित्रपट जाहीरपणे दाखवता येत नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांनी मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली या शहरांतली विषमता दाखवणाऱ्या आपल्या माहितीपटाच्या निमित्ताने या पूर्वतपासणीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १९७० साली सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने पूर्वतपासणी घटनेत बसते असा निकाल दिला. इतर माध्यमांपेक्षा चित्रपटाचा प्रेक्षकाच्या मनावर अधिक परिणाम होतो, हे त्यामागचे एक कारण. पुस्तकात जे चालून जाई, ते पडद्यावर येण्याआधी सरकारी समितीसमोरून जाणे त्यामुळे अटळ राहिले.

या व्यवस्थेचे टोक आणीबाणीत दिसले. काँग्रेसचे खासदार अमृत नाहटा यांनी ‘किस्सा कुर्सी का’ हा राजकीय उपहासपट १९७५च्या एप्रिलमध्ये सेन्सॉरकडे दिला. माहिती व नभोवाणी मंत्रालयाने त्यावर ५१ आक्षेप काढले. पाठोपाठ आणीबाणी लागू झाली, चित्रपट जप्त झाला, त्याच्या प्रती आणि मूळ निगेटिव्ह गुडगावच्या मारुती कारखान्यात नेऊन जाळण्यात आल्या. जनता सरकारच्या काळात आणीबाणीतील अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाने या प्रकरणाची दखल घेतली. खटला उभा राहिला आणि १९७९च्या फेब्रुवारीत आणीबाणीच्या काळातल्या पंतप्रधानांचे पुत्र संजय गांधी व माहिती मंत्री विद्याचरण शुक्ल यांना शिक्षा झाली. पुढे १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. दरम्यान नाहटांनी चित्रपट नव्याने चित्रित करून १९७८ साली प्रदर्शित केला. त्यात शबाना आझमी यांनी जनता नावाच्या मुक्या स्त्रीची भूमिका केली. चित्रपट थरारपट नव्हता, पण निगेटिव्हच नष्ट करण्याची ही घटना पुढच्या कोणत्याही पटकथेइतकी थरारक होती.

आणीबाणीनंतरच्या हिंदी राजकीय चित्रपटाला आकार देण्यात विजय तेंडुलकरांचा वाटा मोठा आहे. १९७०च्या दशकात नेहरू शिष्यवृत्ती घेऊन त्यांनी देशातल्या वाढत्या हिंसाचाराचा अभ्यास केला, त्यासाठी ते खूप फिरले. ‘निशांत’ (१९७५) या श्याम बेनेगल यांच्या चित्रपटाची पटकथा त्यांचीच. मराठीत जब्बार पटेल यांच्यासाठी त्यांनी ‘सामना’ लिहिला आणि पुढे अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून ‘सिंहासन’ (१९७९) उभा केला. मंत्रालय, कामगार पुढारी, तस्कर आणि वार्ताहर यांची एकमेकांत गुंतलेली दुनिया मराठी पडद्यावर अशी आधीच येऊन गेली होती. निळू फुले यांनी रंगवलेला पत्रकार दिगू टिपणीस सगळे पाहतो, सगळे जाणतो आणि अखेरीस वेडापिसा होतो. सत्य कळूनही त्याचे काही करता न येणे, हा या परंपरेचा गाभा इथे पुरता स्पष्ट झाला.

बेनेगल यांचे छायाचित्रकार गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शनाची सुरुवात तेंडुलकरांच्याच पटकथेने केली. ‘आक्रोश’मध्ये (१९८०) लहान्या भिकू या आदिवासीवर बायको नागी हिच्या खुनाचा आरोप असतो. सरकारने दिलेला तरुण वकील भास्कर कुलकर्णी त्याचा बचाव करू पाहतो, पण आरोपी एक शब्दही बोलत नाही. नागीवर अत्याचार करून तिला कोणी मारले हे गावातल्या प्रतिष्ठितांना ठाऊक असते, हळूहळू वकिलालाही कळते. कोर्टात उभे राहील असे मात्र काही हाती लागत नाही. जो बोलेल असे वाटते तो नाहीसा होतो. खटल्याचा साराच डोलारा साक्षीवर उभा असताना आरोपीच्या मौनाला पटकथेचा कणा बनवणे ही तेंडुलकरांची करामत. सरकारी वकील दुसाने स्वतः आदिवासी समाजातून वर आलेला आहे आणि रात्री फोनवरून त्यालाही शिव्या ऐकाव्या लागतात. त्यामुळे चित्रपट सरळ काळ्या-पांढऱ्या मांडणीत अडकत नाही. भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात १९८१ साली ‘आक्रोश’ला सुवर्णमयूर मिळाला.

‘अर्धसत्य’ (१९८३) श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवर आधारलेला. पटकथा तेंडुलकरांची, संवाद वसंत देव यांचे, आणि शीर्षकामागची कविता दिलीप चित्रे यांची. १९८२ साल मुंबईत गिरणी संपाने सुरू झाले होते आणि ऑगस्टमध्ये खुद्द पोलिसांचे बंड शहराने पाहिले होते. वर्दीतला माणूस आतून कसा पिचतो, हा प्रश्न त्यामुळे ताजा होता. फौजदार अनंत वेलणकर हा निवृत्त हवालदाराचा मुलगा. गुंड रामा शेट्टीला हात लावायला निघाला की वरून फोन येतो. तोच शेट्टी पुढे पालिकेच्या निवडणुकीला उभा राहतो. कोंडलेला राग वेलणकर एका किरकोळ चोरावर काढतो आणि तो चोर कोठडीत मरतो. आता त्याला वाचवू शकेल असा एकच माणूस उरतो, तो म्हणजे शेट्टी. नायक स्वतःच्याच गुन्ह्याच्या पुराव्यात अडकतो, ही ‘सी.आय.डी.’च्या नेमकी उलट बाजू. ओम पुरींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि रामा शेट्टीच्या थंड दहशतीमुळे सदाशिव अमरापूरकर हे मराठी रंगभूमीवरचे नाव देशभर पोहोचले.

त्याच वर्षी कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारों’ने हाच विषय विनोदाच्या अंगाने हाताळला. दोन छायाचित्रकारांच्या कॅमेऱ्यात पालिका आयुक्ताचा खून नकळत टिपला जातो. फोटो मोठा करत नेला की त्यात खून दिसू लागतो, ही कल्पना अँतोनिओनी यांच्या ‘ब्लो-अप’वरून घेतलेली, चित्रपटातल्या बागेला त्यांचेच नाव देऊन शाह यांनी ते ऋण मान्य केले आहे. बिल्डर, अधिकारी आणि भक्ती बर्वे यांनी साकारलेली मासिकाची संपादिका सगळे एका ताटात जेवणारे निघतात, आणि पूल कोसळल्याचे खापर पुरावा गोळा करणाऱ्या दोघांवरच फुटते.

‘न्यू दिल्ली टाइम्स’ (१९८६) या रमेश शर्मांच्या पहिल्या चित्रपटाने एक पाऊल पुढे टाकले. गुलजार यांनी लिहिलेल्या या कथेत शशी कपूर यांचा संपादक एका आमदाराच्या खुनाचा आणि दंगलीचा माग काढतो, पुरावे मिळवतो, बातमी छापतोही. नंतर त्याच्या ध्यानात येते, की आपल्या बातमीचा वापर एका राजकीय गटाने दुसऱ्याला खाली खेचण्यासाठी करून घेतला. सत्य छापून आले तरी ते कोणाच्या कामी येईल हे छापणाऱ्याच्या हाती नसते, हा निष्कर्ष तोवरच्या चित्रपटांपेक्षा अधिक बोचरा होता. शशी कपूर यांना यासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

याच दशकात व्यापारी चित्रपटाने वेगळा मार्ग धरला. ‘इन्किलाब’मध्ये (१९८४) मुख्यमंत्रिपदी पोहोचलेला नायक आपल्याच मंत्रिमंडळाला गोळ्या घालतो. एन. चंद्रा यांच्या ‘अंकुश’ (१९८६) आणि ‘प्रतिघात’ (१९८७) यांत बेकार तरुण व कॉलेजातली प्राध्यापिका कायद्याची वाट सोडून स्वतःच शिक्षा देतात. पुरावा मिळूनही उपयोग होत नसेल तर त्याची गरजच काय, असा या चित्रपटांचा सूर आहे. तो पुढेही वारंवार ऐकू येत राहिला.

१९९०च्या दशकात पंजाब, काश्मीर आणि मुंबईतले स्फोट यांनी विषय बदलला. निहलानींच्या ‘द्रोहकाल’मध्ये (१९९४) दहशतवादी टोळीत खबऱ्या पेरणारा पोलीस अधिकारीच दबावाखाली फुटतो. आशिष विद्यार्थी यांना त्यातल्या टोळीप्रमुखाच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि कमल हासन यांनी त्याची तमीळ आवृत्ती ‘कुरुदिप्पुनल’ काढली. गुलजार यांचा ‘माचिस’ (१९९६) पोलिसांच्या छळाने पंजाबी तरुण बंदुकीकडे कसे वळले हे सांगतो. ‘सरफरोश’मध्ये (१९९९) मात्र धोका सीमेपलीकडून येतो आणि पोलीस अधिकारी निर्विवाद नायक ठरतो. राम गोपाल वर्मा यांच्या ‘सत्या’ने (१९९८) मुंबईतल्या टोळ्या आणि राजकारण यांतले अंतर पुसले, गुंडाचा नेता झालेला भाऊ ठाकूरदास झवळे गणेश विसर्जनाच्या गर्दीत मारला जातो.

‘सत्या’च्या लेखकांपैकी एक अनुराग कश्यप यांनी ‘ब्लॅक फ्रायडे’ केला. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी स्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्या तपासावर एस. हुसेन झैदी यांनी लिहिलेल्या पुस्तकावरून कश्यप यांनी पटकथा रचली आणि आरोपींची, अधिकाऱ्यांची खरी नावे तशीच ठेवली. कट, पळापळ, कोठडीतली मारहाण आणि स्फोटांआधीच्या दंगली असे सगळे त्यात प्रकरणवार मांडले आहे. २००५च्या जानेवारीत प्रदर्शन ठरले असताना आरोपींनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालील न्यायालयाचा निकाल लागायचा असताना चित्रपटाने गुन्हा सिद्ध झाल्यासारखा दाखवला, तर खटल्यावर परिणाम होईल, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने स्थगिती दिली. २००६च्या सप्टेंबरात टाडा न्यायालयाने निकाल जाहीर करायला सुरुवात केल्यानंतरच ९ फेब्रुवारी २००७ रोजी चित्रपट लोकांसमोर आला. ‘किस्सा कुर्सी का’ सत्तेच्या रागाचा बळी होता. इथे प्रश्न आरोपीच्या हक्काचा होता. खऱ्या घटनेवरचा थरारपट साक्ष देऊ लागला, की साक्षीला लागू होणारे प्रश्न त्यालाही विचारले जातात, हे या प्रकरणातून दिसले.

पुढच्याच वर्षी आलेल्या नीरज पांडे यांच्या ‘अ वेनस्डे’ने याच्या उलट टोक गाठले. २००६च्या लोकल गाड्यांतील स्फोटांनी चिडलेला एक अनाम सामान्य माणूस दहशतवाद्यांना कोर्टाबाहेरच संपवण्याची योजना आखतो आणि पोलीस आयुक्तही शेवटी त्याच्याकडे कौतुकाने पाहतो. कसलेल्या रचनेमुळे चित्रपट गाजला; खटल्याविना शिक्षेला त्याने दिलेल्या मान्यतेवर टीकाही झाली.

२०१२ सालच्या ‘शांघाय’मध्ये दिबाकर बॅनर्जी पुन्हा कागदपत्रांकडे वळले. ग्रीसमधले खासदार ग्रिगोरिस लाम्ब्राकिस यांच्या १९६३च्या हत्येवर वासिलिस वासिलिकोस यांनी ‘झेड’ ही कादंबरी लिहिली, तिच्यावर कोस्ता-गाव्रास यांचा १९६९चा प्रसिद्ध चित्रपट आहे. बॅनर्जी आणि ऊर्मी जुवेकर यांनी ती कथा भारतनगर या काल्पनिक गावात आणली, जिथे विकासाच्या प्रकल्पाला विरोध करणाऱ्या प्राध्यापकाला ट्रकखाली चिरडले जाते. चौकशी अधिकारी शेवटी पुराव्याचा उपयोग करतो तो सौदेबाजीने, नियमाने नव्हे. आणि प्रकल्प थांबत नाही. विशाल भारद्वाज यांच्या ‘हैदर’मध्ये (२०१४) ‘हॅम्लेट’ १९९५च्या काश्मिरात येते. लष्कराने उचललेल्या बापाची कुठेही नोंद नाही, म्हणून आई ना सधवा ना विधवा. इथे पुराव्याचा अभाव हेच कथेचे मूळ. अनुभव सिन्हा यांच्या ‘आर्टिकल १५’मध्ये (२०१९) दलित मुलींच्या हत्येचा तपास शवविच्छेदनाच्या अहवालाभोवती फिरतो. ब्राह्मण संघटनांनी चित्रपटाला विरोध केला, तर दलितांचा उद्धार उच्चवर्णीय अधिकाऱ्याच्या हातून का, हा प्रश्न अनेक समीक्षकांनी दुसऱ्या बाजूने विचारला.

इंटरनेटवरील मालिकांना सुरुवातीला प्रमाणपत्राचे बंधन नव्हते. ‘सेक्रेड गेम्स’ (२०१८) आणि ‘पाताल लोक’ (२०२०) यांनी त्या मोकळिकीत राजकारण, धर्म आणि जात यांवर उघड बोट ठेवले. २०२१च्या जानेवारीत ‘तांडव’ या मालिकेविरुद्ध गुन्हे नोंदवले गेले, निर्मात्यांनी माफी मागून दृश्ये बदलली आणि फेब्रुवारीत या माध्यमासाठी सरकारी नियम आले. एप्रिलमध्ये चित्रपट प्रमाणपत्राविरुद्ध दाद मागण्याचे अपील न्यायाधिकरण रद्द झाले, त्यामुळे निर्मात्याला थेट उच्च न्यायालय गाठणे भाग पडू लागले. त्याच काळात ‘द कश्मीर फाइल्स’ (२०२२) आणि ‘द केरला स्टोरी’ (२०२३) यांना काही राज्यांनी करमाफी दिली. दुसऱ्या चित्रपटावर पश्चिम बंगालने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केली. दडपलेले सत्य बाहेर काढतो, हा दावा या चित्रपटांनीही केला. त्यांच्यावरचा वाद मुख्यतः तथ्यांबद्दल झाला.

व्यवस्थेच्या आतला गुन्हा दाखवणाऱ्यांची वाट मात्र अवघडच राहिली. संध्या सुरी यांचा ‘संतोष’ (२०२४) एका दलित मुलीच्या खुनाचा आणि पोलिसी क्रौर्याचा माग एका महिला शिपायाच्या नजरेतून घेतो. ऑस्करसाठी ब्रिटनने तो पाठवला, भारतात मात्र सेन्सॉर मंडळाने मागितलेल्या काटछाटीमुळे त्याचे प्रदर्शन अडले. हनी त्रेहान यांचा ‘पंजाब ’९५’ जसवंतसिंग खालरा यांच्यावर आहे. स्मशानातल्या नोंदवह्या तपासून अमृतसर जिल्ह्यातल्या बेवारस म्हणून जाळलेल्या प्रेतांचा हिशेब त्यांनी लावला होता. १९९५ साली त्यांचे अपहरण करून त्यांना ठार मारण्यात आले आणि त्यासाठी पुढे पोलिसांना शिक्षा झाली. ज्या नोंदी न्यायालयाने पुरावा म्हणून विचारात घेतल्या, त्यांच्यावरच्या चित्रपटात मंडळाने शंभराहून अधिक बदल सुचवले. या प्रकाराच्या इतिहासात चित्रपटाची कथा आणि त्याच्या प्रदर्शनाची कथा वेगळ्या काढता येत नाहीत, त्या यामुळेच.