बहात्तराव्या घरातला साप

ज्या व्हिडिओ गेममध्ये तासन्‌तास चढलेला डोंगर एका चुकीने निसटतो आणि खेळणारा पुन्हा पायथ्याशी येतो, त्याचे कूळ सहसा नाणे टाकून खेळायच्या यंत्रांत शोधले जाते. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८), ‘पॅकमॅन’ (१९८०) यांसारखी यंत्रे अवघड असणे धंद्याच्या सोयीचे होते, कारण डाव लवकर संपला की पुढचे नाणे पडे. मात्र या उपपत्तीत एक मोठी फट आहे: यंत्रावर चुकणारा मरतो आणि जीव संपले की त्याचा डावही संपतो. बेनेट फॉडी या ऑस्ट्रेलियन रचनाकाराच्या ‘गेटिंग ओव्हर इट’मध्ये (२०१७) मरण नाहीच, हंड्यात अडकलेला डायोजेनिस नावाचा माणूस हातोड्याच्या आधाराने चढतो, घसरतो आणि जिथे पडेल तिथून पुन्हा चढू लागतो. बरेच वर गेल्यावर त्याला एक साप भेटतो, त्यावर बसू नये अशी पाटीही असते; जो बसतो तो थेट आरंभी पोचतो.

हा साप मोक्षपटावरचा आहे. मोक्षपट म्हणजे सापशिडीचे जुने रूप, ज्यात कवड्यांच्या दानाप्रमाणे सोंगटी पाप-पुण्याच्या घरांतून मोक्षाकडे सरकते. मराठी परंपरा त्याचे जनकत्व ज्ञानेश्वरांना देते आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेतील वा. ल. मंजूळ यांनी त्या बाजूने बराच शोध घेतला; दुसरा पक्ष गुजरात-राजस्थानातील जैनांच्या ज्ञानचौपडीला अग्रमान देतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ची (इ. स. १२९०), तर माहीत असलेले जुने पट बहुतांशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले, त्यामुळे मधली चारशेहून अधिक वर्षे केवळ श्रद्धेने ओलांडता येत नाहीत. तरीही पटामागचा विचार वारकऱ्यांना परका नाही, एवढे मान्य करावे लागते.

गेममधला साप मोक्षपटावरचाच असल्याचा निर्णायक पुरावा बहात्तर घरांच्या वैष्णव पटावर आहे. तिथे मोक्षाचे घर, म्हणजे वैकुंठ, शेवटचे नसून अडुसष्टावे आहे. नेमके दान न पडल्यास सोंगटी त्याच्या पुढे जाते, आणि बहात्तराव्या तमोगुणाच्या घरातला साप तिला एक्कावन्नाव्या पृथ्वीच्या घरी आणतो, जिथून पुन्हा चढायचे असते. ध्येय ओलांडून गेलेल्यालाही न मारता खाली आणणे ही कल्पना पुनर्जन्म मानणाऱ्या समाजातच सुचू शकते, आणि नाण्याच्या यंत्रात तिला जागा नाही.

पुढचा प्रवास परिचित आहे: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पट इंग्लंडला गेला, तिथे पुण्य-पाप सौम्य झाले, १९४३मध्ये अमेरिकेत सापांच्या जागी घसरगुंड्या आल्या. इंग्रजी वळणाच्या घराघरांत पोचलेला हा पट ऑस्ट्रेलियातील बालपणातून फॉडीपर्यंत आला असावा, हे अनुमान सयुक्तिक वाटते. स्वतः फॉडी मात्र आपला गेम ‘सेक्सी हायकिंग’ (२००२) या आधीच्या गेमला अर्पण करतो, आणि हातोड्याची युक्ती तिथलीच आहे. परंतु हातोडा आणि साप यांची कुळे वेगळी असू शकतात. कवडीचे दान नशिबाचे व हातोडा कौशल्याचा, हा आक्षेपही टिकत नाही, कारण येथे वारसा चढण्याच्या साधनाचा नसून पडण्याच्या रीतीचा आहे.

ज्ञानेश्वरांविषयीचा वाद मात्र नव्या पटांवाचून सुटणार नाही. ज्यांच्या घरी कापडी वा कागदी हस्तलिखित पट आहेत, त्यांनी घरांची नावे आणि प्रत्येक सापाची शेपटी कोणत्या घरात उतरते ते टिपून, पटाचे छायाचित्र भांडारकर संस्थेकडे किंवा डेक्कन कॉलेजकडे पाठवावे.