नसलेल्या नंबरचं इंजिन

कीथलीच्या फलाटावरून इंजिनात चढताना तुमचा हात दांड्याला लागतो आणि चटका बसतो. फायरमन काही न बोलता तुमच्याकडे एक तेलकट चिंधी फेकतो. साल २००७. इंग्लंडमधल्या यॉर्कशरची ही जेमतेम ८ किलोमीटरची लाइन इथून ऑक्सनहोपपर्यंत चढतच जाते. १९६२ साली ती बंद पडली आणि १९६८ साली आसपासच्या रेल्वेवेड्यांनी स्वतःच्या हिमतीवर पुन्हा सुरू केली. आज तिच्यावर युद्धकाळातलं एक मालगाडीचं इंजिन परत आलंय. काळं, ओबडधोबड, कॅबच्या बाजूवर नंबर ९०७३३.

शिट्टी होते. गाडी हलते आणि तुम्हाला पहिला हिसका बसतो. मग दुसरा. जात्यावर बसलेल्या बाईचं अंग हलावं तसे तुम्ही पुढेमागे हलायला लागता. दट्ट्यांच्या धावपळीचा तोल सांभाळायला चाकांत जे वजन घालतात, ते यात घातलेलंच नाही. विसरले नव्हते, मुद्दामच गाळलं. का, ते इंग्रो स्टेशन मागे टाकून बोगद्यात शिरल्यावर कळतं. धूर डोळ्यांत जातो. तुम्ही डोळे चोळून उघडता.

जानेवारी १९४५. न्यूटन-ले-विलोज गावातली व्हल्कन फाउंड्री. हातोड्यांच्या आवाजात स्वतःचा श्वासही ऐकू येत नाही. (बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या गाडीची इंजिनं याच कारखान्यातून आली होती, म्हणजे पाव्हणे तसे ओळखीचे.) समोर तेच इंजिन उभं आहे, अंगावर ओला रंग, नंबर ७९२५७. पुढे लहान चाकांची एक जोडी, मागे आठ जोडलेली चाकं. प्रत्येक चाकाचा व्यास ४ फूट साडेआठ इंच, म्हणजे बरोबर रुळांमधल्या अंतराइतका. तुम्ही वाकून बघता. जिथे ओतीव पोलाद हवं, तिथे जमेल तेवढं ओतीव लोखंड. बॉयलर साधा, सरळ, पिंपासारखा. शोभेचं एक वळणही नाही. अभियंते रॉबर्ट रिडल्स यांनी आधीचे इंजिन-अभियंते स्टॅनियर यांच्या मालगाडीच्या इंजिनाचा आराखडा घेतला आणि ज्याच्यावाचून अडणार नाही ते सगळं छाटून टाकलं. माणसं कमी, धातू कमी, वेळ त्याहून कमी. १९४३ ते १९४५ या काळात दोन कंपन्यांनी मिळून अशी ९३५ इंजिनं बाहेर काढली.

"हे किती वर्षं टिकेल?" तुम्ही ओरडून विचारता.

"लढाई संपेपर्यंत टिकलं तरी पुष्कळ," फोरमन म्हणतो आणि पुढच्या इंजिनाकडे वळतो.

समुद्र ओलांडून ते नेदरलँड्समध्ये जातं. लढाई संपते, ते संपत नाही. १९५३ साली स्वीडन ते विकत घेतं. थंडीसाठी कॅब चहूबाजूंनी बंद होते, मागचं कोळसा-पाण्याचं आठ चाकांचं टेंडर आखूड होऊन सहा चाकांवर येतं, नंबर पडतो १९३१. पाच वर्षांत तिथलंही काम आटोपतं.

मग शांतता. तुम्ही गुडघाभर बर्फात उभे आहात. भोवती झाडं, वाऱ्याचीसुद्धा चाहूल नाही. बाजूच्या रुळावर हे इंजिन थंडगार उभं. स्वीडनच्या गाड्या आता बहुतेक विजेवर धावतात, पण उद्या लढाई पेटली आणि वीजघरं उद्ध्वस्त झाली तर? म्हणून कोळशाची इंजिनं अशी आडरानात राखून ठेवलेली. हातमोजा काढून तुम्ही बॉयलरला हात लावता. आता गारठ्याचाही चटकाच बसतो.

आणि तिकडे इंग्लंडमध्ये काय चाललंय, हे तुम्हाला या क्षणी ठाऊक आहे. ब्रिटिश रेल्वेने याच जातीची ७३३ इंजिनं घेतली होती, नंबर ९०००० ते ९०७३२. ती राबली, खडखडली, आणि १९६७ पर्यंत एकामागून एक भंगारात गेली. एकही उरलं नाही. घरी राहिली ती सगळी संपली. हे दूर देशी बर्फात विसरलं गेलं, म्हणून वाचलं.

१९७३ साली ते जहाजातून कीथलीच्या लाइनवर येतं. काही वर्षं स्वीडिश रूपातच धावतं, मग शेडमध्ये जातं. पुढची वर्षं तुम्ही भराभर ओलांडता, कारण बघण्यासारखं फारसं नाही: पाठी वाकलेली माणसं, सुट्टीच्या दिवशी हातात पाने. मूळ घडणीची कॅब नव्याने बांधायची. आठ चाकांचं टेंडर नव्याने. घाईघाईत उरकलेलं काम जसंच्या तसं, अगदी ओबडधोबडपणासकट, सोनाराच्या सबुरीने पुन्हा घडवायचं! मला तर यात थोडा वेडेपणाच दिसतो, पण त्यांना तसं सांगायची माझी छाती नाही.

पुढचा बोगदा. धूर, हिसका, हिसका. बाहेर येता तेव्हा फायरमन घाम पुसत फावडं टेकवतो आणि हॉवर्थ येतं. मग शेवटचं स्टेशन, ऑक्सनहोप.

तुम्ही उतरता. फलाटाच्या टोकाला एक म्हातारा हातात जुनं, पिवळं पडलेलं पुस्तक घेऊन उभा. लहानपणी पाहिलेल्या प्रत्येक इंजिनाच्या नंबराखाली त्याने शाईची रेघ ओढलेली. त्याचं बोट शेवटच्या ओळीवर थांबतं: ९०७३२. पुढे छापलेलं काही नाही, कारण ९०७३३ नंबरचं इंजिन ब्रिटिश रेल्वेवर कधी नव्हतंच. यादी जिथे तुटली, तिथून पुढचा नंबर कीथलीच्या लाइनवाल्यांनी या इंजिनाला दिला.

म्हातारा खिशातून पेन काढतो. समासात हाताने आकडे लिहितो, जरा थरथरत्या अक्षरात. मग त्याखाली रेघ ओढतो.