चिपी विमानतळ

महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, वेंगुर्ले तालुक्यातील विमानतळ. अधिकृत नाव सिंधुदुर्ग विमानतळ. लोकांच्या तोंडी मात्र चिपीच. मालवण आणि वेंगुर्ले यांच्या मध्ये, परुळे गावाजवळच्या जांभ्या कातळाच्या सड्यावर तो आहे. सड्याखाली भोगवे, निवती ही किनाऱ्यावरची गावे. धावपट्टी २,५०० मीटर लांबीची, म्हणजे इथे येणाऱ्या सत्तरेक आसनांच्या एटीआर विमानांच्या गरजेपेक्षा बरीच मोठी.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि विमानतळाची मागणी जोर धरत गेली. औद्योगिक विकास महामंडळाच्या जमिनीवर आयआरबी कंपनीने तो बांधला. १२ सप्टेंबर २०१८ रोजी, गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, पहिले चाचणी विमान उतरले ते गणेशमूर्ती घेऊनच. मार्च २०१९ मध्ये टर्मिनलचे उद्घाटन झाले, पण प्रवासी वाहतुकीसाठीचे दुसरे उद्घाटन व्हायला ९ ऑक्टोबर २०२१ उजाडला. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि केंद्रीय मंत्री नारायण राणे हे राजकीय विरोधक एका व्यासपीठावर आल्याने त्या दिवशी चर्चा विमानापेक्षा टोलेबाजीचीच अधिक झाली.

अलायन्स एअरची मुंबई-चिपी सेवा केंद्राच्या ‘उडान’ योजनेतली होती. या योजनेत विमानातील साधारण निम्म्या जागा ठरावीक कमाल भाड्याने विकायच्या असतात. आरंभी तासाभराच्या प्रवासाला ही मर्यादा २,५०० रुपये होती. कंपनीला पडणारी तूट सरकार भरून देते, ८० टक्के केंद्राच्या निधीतून आणि २० टक्के राज्याकडून. केंद्राचा निधी उभा राहतो तो मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर बसवलेल्या आकारातून. ही मदत तीन वर्षांची. ती मुदत संपली तशी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, मुंबईची ही सेवाही थांबली.

चिपीची खरी अडचण भाड्यापेक्षा वेळेची आहे. रात्री मुंबईत कोकणकन्या एक्सप्रेसमध्ये बसलेला चाकरमानी सकाळी कुडाळला उतरतो, तोही घरच्यांसाठीच्या सगळ्या सामानासकट. विमानाने त्याचे तास वाचतात खरे, पण उड्डाण ठरल्या वेळी होईल याची खात्री असेल तरच. सुरुवातीला रात्री विमान उतरवण्याची सोय नव्हती आणि पावसाळी ढगांत सड्यावरचे काहीच दिसेनासे होते. शिवाय गर्दी गणपतीत आणि मे महिन्यात. उरलेल्या वर्षात जागा कोण भरणार? त्यात जानेवारी २०२३ पासून गोव्याच्या पेडणे तालुक्यातील मोपा विमानतळ सुरू झाला. बांदा-सावंतवाडीकडच्या प्रवाशाला तो सोयीचा, आणि तिथे मोठी विमाने रात्रीही उतरतात. तरीही गोव्याच्या फ्लाय९१ कंपनीने २०२४ मध्ये चिपीहून बंगळूर, हैदराबाद आणि पुण्याची उड्डाणे सुरू केली.

वेंगुर्ल्यात जन्मलेले संसदपटू बॅरिस्टर नाथ पै यांचे नाव विमानतळाला देण्याचा निर्णय राज्य सरकारने त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २०२२ मध्ये घेतला.