दगड पाण्यातून आला की आगीतून?

शाळेच्या सहलीत सिंहगड चढताना सरांनी सांगितलं होतं, "हा काळा कातळ म्हणजे थंड झालेला लाव्हा." मी विचारलं, "मग ज्वालामुखी कुठंय?" सर हसले आणि म्हणाले, "शोध!" पुढे वाचताना कळलं, की याच प्रश्नावर युरोपातले विद्वान एकेकाळी हमरीतुमरीवर आले होते.

जर्मनीत, सॅक्सनीतल्या फ्रायबर्गला खाणकाम शिकवणारी अकादमी होती. तिथे १७७५ पासून वेर्नर शिकवायचे. त्यांचं म्हणणं असं: आधी सगळी पृथ्वी एका महासागराखाली होती आणि त्या पाण्यातून, तळाशी साका बसावा तसे, खडक थराथरानं तयार झाले. आपला काळा कातळ, म्हणजे बेसॉल्टसुद्धा. ज्वालामुखी हे नंतरचं, जमिनीतला कोळसा पेटल्यानं होणारं किरकोळ प्रकरण. आज हसू येतं. पण सॅक्सनीत टेकडीच्या माथ्यावर बेसॉल्ट, त्याखाली वाळू आणि चिकणमातीचे थर, आणि आसपास जिवंत ज्वालामुखी एकही नाही. माणूस दुसरं काय म्हणणार?

त्याच्याही आधी, १७६३ मध्ये, निकोला देमारे फ्रान्सच्या ओव्हेर्न्य भागात फिरत होते. तिथे त्यांना बेसॉल्टचे खांब दिसले. त्या खडकाचा माग काढत ते थेट विझलेल्या ज्वालामुखींच्या लाव्हापर्यंत पोचले.

इकडे एडिंबरात जेम्स हटन यांनी १७८५ मध्ये मांडलं, की पृथ्वीच्या पोटातली उष्णता खडक वितळवते, जमीन वर उचलते. ऊन-पाऊस ती झिजवतात आणि हे चक्र चालूच राहतं. विरोधक म्हणाले, वितळलेला दगड थंड झाला तर त्याची काच होईल, दगड कसा होईल? हटन यांचे मित्र जेम्स हॉल यांना हे भट्टीत करून बघायचं होतं. हटन यांना ते पटेना. एवढ्याशा भट्टीवरून पृथ्वीचं काय कळणार! हॉल मित्राच्या शब्दाखातर थांबले. १७९७ मध्ये हटन गेले, आणि पुढच्याच वर्षी हॉल यांनी आपले प्रयोग जाहीर केले: वितळलेला बेसॉल्ट झटकन थंड केला तर काच, सावकाश थंड केला तर पुन्हा दगड.

मला मात्र सगळ्यात भावतो तो वेर्नर यांचा विद्यार्थी दोब्युइसाँ. १८०३ मध्ये त्यानं सॅक्सनीचा बेसॉल्ट पाण्यातूनच आला असं छापलं. मग तो ओव्हेर्न्यला गेला, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, आणि आपलं मत चुकलं हे चारचौघांत कबूल केलं. गुरूचं मत, त्यावर आपण लिहिलेलं पुस्तक, आणि समोरचा डोंगर. त्यानं डोंगराचं ऐकलं.

आता माझा ज्वालामुखी. सह्याद्रीत शंकूसारखा डोंगर शोधून सापडत नाही, कारण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथला लाव्हा मुख्यतः जमिनीच्या लांबलचक भेगांमधून वाहत आला. थरावर थर साचले. म्हणून आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. 'डेक्कन ट्रॅप'मधला ट्रॅप हा शब्दही पायरीच्या स्वीडिश शब्दावरूनच आलाय.

म्हणजे शाळेत मी ज्याच्यावर उभा राहून 'ज्वालामुखी कुठंय' विचारत होतो, तेच त्याचं उत्तर होतं. या पावसाळ्यात गडावर गेलात तर पायऱ्या मोजा, आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात.