हौशी रेडिओ संदेशवहन, अंकीय

मजकुराचे संकेतांत व संकेतांचे श्राव्य स्वरांत रूपांतर करून ते रेडिओ तरंगांद्वारे पाठविण्याच्या अनेक पद्धती हौशी रेडिओचालकांत रूढ आहेत. त्यांसाठी संगणकातील साउंड कार्ड व रेडिओ प्रेषक-ग्राही यांना जोडणाऱ्या साधनास इंटरफेस म्हणतात. संकेतनाचे काम अवजड यंत्रांकडून संगणकाच्या आज्ञावलीकडे कसे गेले, हे या छोट्या साधनाच्या इतिहासावरून दिसून येते.

दुसऱ्या महायुद्धानंतर वापरातून बाद झालेले दूरमुद्रक अमेरिकेतील हौशी चालकांना मिळू लागले. त्यांत प्रत्येक अक्षरासाठी पाच घटकांचा संकेत असे व गती ४५.४५ बॉड असे. संकेताच्या दोन अवस्था दोन भिन्न कंप्रतांनी दर्शवीत. त्यांतील अंतर प्रथम ८५० हर्ट्‌झ होते, पुढे १७० हर्ट्‌झ रूढ झाले. स्वरांचे विद्युत् स्पंदांत रूपांतर करणारे मंडल अनेक चालक स्वतः बांधीत. १९७८ मध्ये कॅनडातील माँट्रिऑल येथे हौशी चालकांनी पॅकेट रेडिओचे प्रयोग केले. त्यासाठीही स्वतंत्र उपकरण लागे. नवी पद्धत म्हणजे नवा खर्च, अशी स्थिती बराच काळ होती.

इंग्लंडमधील पीटर मार्टिनेझ यांनी पोलंडमधील पावेल यावोखा यांच्या कार्याच्या आधारे पीएसके ३१ ही पद्धत विकसित केली. १९९८ च्या अखेरीस तिची साउंड कार्डवर चालणारी आज्ञावली उपलब्ध झाली आणि ही स्थिती पालटली. या पद्धतीत स्वराची कला १८०° ने बदलून ३१.२५ बॉड गतीने मजकूर पाठवितात. भाषणास सु. २,५०० हर्ट्‌झ रुंदीचा पट्टा लागतो. तेवढ्या जागेत अशी अनेक संभाषणे एकाच वेळी चालू शकतात. स्वर निर्माण करणे व ओळखणे ही दोन्ही कामे आता आज्ञावली करू लागली.

इंटरफेसची रचना साधी असते. ग्राहीतून येणारा श्राव्य संकेत साउंड कार्डाच्या आदान मार्गाला देतात. साउंड कार्डाच्या प्रदानाचा विद्युत् दाब मात्र ध्वनिग्राहकाच्या आदानास लागणाऱ्या काही मिलिव्होल्टांच्या मानाने फार मोठा असतो. म्हणून तो रोधकांच्या साहाय्याने कमी करतात. दोन्ही उपकरणांच्या भूसंपर्कांतून बंद मंडल तयार झाल्यास संकेतात घरघर मिसळते. ती टाळण्यासाठी दोन्ही मार्गांवर समान वेढ्यांची लहान रोहित्रे बसवितात. प्रेषण सुरू व बंद करण्याची आज्ञा संगणकाच्या क्रमिक द्वारातून प्रकाशाच्या साहाय्याने जोडणाऱ्या घटकामार्फत देतात. परिणामी दोन उपकरणांत थेट विद्युत् जोडणी राहत नाही.

संकेताची पातळी योग्य राखणे ही खरी कसोटी असते. ती वाजवीपेक्षा अधिक झाल्यास विवर्धकात विकृती उत्पन्न होते, मूळ संकेताच्या दोन्ही बाजूंस अनावश्यक संकेत पसरतात आणि शेजारच्या कंप्रतेवरील दुर्बल संकेत झाकले जातात. हा दोष पाठविणाऱ्याला स्वतःच्या पडद्यावर सहसा दिसत नाही. त्याचा उपसर्ग इतरांना होतो. यासाठी प्रेषकातील स्वयंचलित पातळी-नियंत्रण कार्यान्वित होणार नाही इतपत पातळी कमी ठेवतात. कंप्रतापट्ट सर्वांच्या सामाईक वापराचा असल्याने ही दक्षता तांत्रिक तशीच सामाजिकही आहे.

द्वैती पल्सारच्या शोधाबद्दल १९९३ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक रसेल हल्स यांच्यासमवेत मिळविणारे जोझेफ टेलर यांनी २००१ मध्ये दुर्बल संकेतांसाठी डब्ल्यूएसजेटी ही आज्ञावली प्रसिद्ध केली. २०१७ मध्ये टेलर व स्टीव्ह फ्रँक यांनी एफटी ८ ही पद्धत प्रचारात आणली. तीत आठ स्वर वापरतात, प्रेषणे १५ सेकंदांच्या ठराविक अवधींत होतात आणि गोंगाटाहून पुष्कळ क्षीण असलेला संकेतही उलगडता येतो. त्यामुळे उंच आकाशक उभारणे शक्य नसलेल्या शहरी चालकांनाही अल्प शक्तीवर दूरचे देश गाठता येऊ लागले. मात्र तीत मुख्यतः नामसंकेत, स्थान व संकेतबल एवढ्याचीच देवाणघेवाण होत असल्याने संभाषणाचा आनंद उणावल्याची टीकाही झाली.

पुढे अनेक प्रेषक-ग्राहींत साउंड कार्ड अंतर्भूत झाले. २०१६ मध्ये बाजारात आलेला आयकॉम आयसी-७३०० संगणकाला एकाच यूएसबी तारेने जोडता येतो. अशा संचांत इंटरफेसची पेटी उरलेली नाही. संकेताची पातळी योग्य राखण्याची जबाबदारी मात्र पूर्वीप्रमाणे चालकाकडेच आहे.