मोटारीच्या वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर : आवाज, बिघाड आणि दुरुस्ती

मोटारीच्या आतली हवा थंड करणाऱ्या यंत्रणेत शीतक वायूला दाब देऊन फिरता ठेवणारा पंप म्हणजे कॉम्प्रेसर. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत तो इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो, विजेवरच्या गाडीत स्वतःच्या मोटरवर. तो आवाज करू लागला किंवा थंडावा देईनासा झाला, की सोलापुरात भवानी पेठेपासून होटगी रस्त्यापर्यंत कुठल्याही गॅरेजात पहिला निकाल ठरलेला असतो : ‘कॉम्प्रेसर गेलाय की वो.’ हा निकाल कधी खरा असतो, कधी घाईचा. म्हणून या नोंदीत दुरुस्तीपेक्षा निदानाला जास्त जागा दिली आहे. कॉम्प्रेसर बहुधा आपणहून मरत नाही. गळती, तेलाची टंचाई, तुंबलेला कंडेन्सर किंवा बंद पडलेला पंखा त्याला मारतो. मूळ दोष तसाच राहिला तर नवा कॉम्प्रेसरही जुन्याच्याच वाटेने जातो.

कार्य : कॉम्प्रेसर कूलिंग कॉइलमधून आलेला कमी दाबाचा वायू ओढतो आणि दाबून, तापवून कंडेन्सरकडे ढकलतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये त्याचा द्रव होतो. ड्रायर त्यातला ओलावा आणि कचरा धरतो. एक्स्पान्शन वॉल्व्हमध्ये दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये द्रव उकळून हवेतली उष्णता शोषतो. भारतातल्या बहुतेक गाड्यांत हा वायू आर-१३४ए असतो. वातावरणाच्या दाबाला तो उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याच्यासोबत पीएजी जातीचे तेल साऱ्या नळ्यांतून फिरते. इंजिनाला असतो तसा ऑइल पंप बहुतेक कॉम्प्रेसरना नसतो. वायूबरोबर परतणाऱ्या तेलावरच त्यांचे पिस्टन आणि बेअरिंग जगतात. वायू कमी झाला की तेलही परतेनासे होते आणि कॉम्प्रेसर कोरडा घासू लागतो.

‘गॅस संपला’ हे बोलणे त्यामुळे फसवे आहे. यंत्रणा बंदिस्त असते, वायू पेट्रोलसारखा खर्च होत नाही. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो तेवढाच. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर गळती आहे, आणि ती शोधायचे कोणीतरी टाळते आहे.

भारतीय गाड्यांत तिरप्या चकतीवर पिस्टन हलवणारे, स्क्रोल आणि फिरत्या पात्यांचे असे कॉम्प्रेसर आढळतात. मारुतीला वातानुकूलन यंत्रणा पुरवणारी सुब्रोस ही कंपनी १९८५ मध्ये स्थापन झाली. चाकणमध्येही तिचा कारखाना आहे.

स्थानिक परिस्थिती : भवानी पेठ हा सोलापूरच्या जुन्या वस्तीतला, माग आणि विडी यांवर वाढलेला भाग; घोंगडे वस्ती, मड्डी वस्ती याच पेठेत येतात. एप्रिल-मेमध्ये शहराचा पारा सहज चाळिशी ओलांडतो. हवा कोरडी, धूळ भरपूर. यंत्रमागाच्या शेडपाशी उभ्या राहणाऱ्या गाडीच्या कंडेन्सरवर सुताचे तंतू चिकटतात, त्यांच्यावर धूळ बसते आणि पत्र्यांच्या फटी बुजतात. हिवाळ्यात उसाच्या गाड्यांमागून आलेले पाचट त्यात भर घालते. कंडेन्सर श्वास घेईनासा झाला की वरच्या, म्हणजे जास्त दाबाच्या, बाजूचा दाब चढतो आणि तो भार थेट कॉम्प्रेसरच्या बेअरिंगवर, क्लचवर आणि पट्ट्यावर येतो. उपाय साधा : मागून पुढे, हलक्या धारेने धुणे. गाडी धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने ॲल्युमिनियमचे पत्रे मुडपतात आणि रोग वाढतो. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या या शहरात पाण्याऐवजी हवेचा पाइप वापरला तरी चालते, फक्त दाब बेताचा हवा.

आवाजाचे निदान : पहिला प्रश्न एकच, एसी बंद केल्यावर आवाज थांबतो का? इंजिन चालू असेपर्यंत पुली फिरतच असते. आतला दांडा मात्र विजेचा क्लच पुढची प्लेट ओढून धरतो तेव्हाच फिरतो. एसी बंद असतानाही घरघर चालूच असेल आणि एसी लावल्यावर ती कमी होत असेल, तर संशय पुलीच्या बेअरिंगवर घ्यावा : क्लच पकडला की बेअरिंगवरचा भार बदलतो, आवाजही बदलतो. एसी लावल्यावरच खडखड सुरू होत असेल तर दोष क्लचच्या प्लेटीत किंवा कॉम्प्रेसरच्या पोटात आहे.

तरीही लगेच पोटापर्यंत जाऊ नये. पट्ट्याची किंचाळी, टेन्शनरचे किंवा आयडलर पुलीचे सुकलेले बेअरिंग, ब्रॅकेटचा ढिला बोल्ट, बॉडीला टेकलेली नळी हे सगळे कॉम्प्रेसरच्याच दिशेने ऐकू येते. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक भागावर आणि मूठ कानाशी धरून आवाज हुडकायची जुनी रीत अजूनही उत्तम. स्टेथोस्कोप मिळाला तर अधिक सुरक्षित. सैल बाह्या आणि गळ्यातला उपरणे-रुमाल तेवढा आधी काढून ठेवावा. सर्वांत खात्रीची चाचणी म्हणजे इंजिन बंद करून पट्टा उतरवणे आणि पुली हाताने फिरवणे. बेअरिंग खराब असेल तर जात्यासारखी घरघर बोटांना कळते, पुली डुगडुगते. मग पुढची प्लेट फिरवावी. थोडा, सारखा अडथळा हवा. अडकत-अडकत फिरली तर आत झीज आहे. मुळीच न फिरली तर कॉम्प्रेसर जाम.

काही आवाज निर्दोष असतात. क्लच लागता-सुटताना होणारी ‘टक्’, एसी बंद केल्यावर दाब समान होताना येणारी फुसफुस यांसाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. मात्र ही ‘टक्’ दर चार-पाच सेकंदांनी होऊ लागली तर वायू कमी असण्याची शक्यता मोठी. उलट चालू होतानाच जड ठोके पडले तर वायू किंवा तेल जास्त भरले आहे का, ते पाहावे : द्रव दाबला जात नाही, आणि तो सिलिंडरात शिरला तर झडपा मोडतात.

दुपारचा बिघाड : सोलापूरच्या उन्हाळ्याला शोभणारी आणि वारंवार चुकीची ओळखली जाणारी तक्रार म्हणजे सकाळी नीट चालणारा एसी दुपारी तासाभराने बंद पडतो, संध्याकाळी पुन्हा सुरू होतो. वायू कमी, म्हणून गॅस भरला जातो. फरक पडत नाही. मग कॉम्प्रेसर बदलला जातो. बरेचदा दोष क्लचच्या फटीत असतो. पुली आणि प्लेट यांच्यातली फट साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर हवी. नेमका आकडा गाडीप्रमाणे बदलतो. झिजून ती वाढली की क्लचची विद्युतचुंबकी कॉइल थंड असताना प्लेट कशीबशी ओढते, पण तापल्यावर कॉइलचा रोध वाढतो, विजेचा प्रवाह घटतो आणि चुंबक कमी पडतो. फीलर गेज घालून फट मोजावी, कॉइलचा रोध तपासावा (बहुतेकांत तो ३ ते ५ ओहमच्या आसपास असतो), आणि बंद पडलेल्या क्षणी कॉइलपाशी १२ व्होल्ट पोचतात का ते बघावे. पोचतात तरी प्लेट ओढली जात नसेल तर दांड्यावरची एक पातळ शिम काढून फट कमी केली की काम होते. हे पाहायला गॅस सोडावा लागत नाही. व्होल्टच पोचत नसतील तर फ्यूज, रिले, प्रेशर स्विच आणि कूलिंग कॉइलवरचा थर्मिस्टर यांच्याकडे वळावे.

दाबाचे वाचन : आवाजाने दिशा कळते, गेजने खात्री होते. इंजिन बंद असताना खालच्या आणि वरच्या दाबाचे दोन्ही काटे सारखे आणि हवेच्या तापमानाशी जुळते हवेत. आर-१३४एचा दाब ३० अंशांना सुमारे ९५ पीएसआय, ४० अंशांना सुमारे १३० असतो. पण हा दाब द्रवाचा थेंब शिल्लक असेपर्यंत तसाच राहतो, त्यामुळे त्यावरून गॅस पुरेसा आहे असे ठरत नाही. चालू स्थितीत, चाळिशीच्या उन्हात, खालची बाजू साधारण ३० ते ५० आणि वरची २५० ते ३०० पीएसआयच्या घरात दिसते. पुण्या-मुंबईच्या तक्त्यातला २०० चा आकडा इथे मेमध्ये शोधणारा मिस्त्री गाडीतला चांगला गॅस काढून टाकतो.

दोन्ही काटे खाली असतील तर वायू कमी. दोन्ही वर असतील तर वायू जास्त, आत हवा शिरलेली किंवा कंडेन्सरला वारा नाही. कंडेन्सरवर बादलीभर पाणी ओतून पाहावे, दाब झपाट्याने उतरला तर पंखा आणि मळ यांचाच प्रश्न आहे. खालचा दाब चढलेला आणि वरचा पडलेला, दोघे एकमेकांकडे सरकलेले, असे दिसले तरच कॉम्प्रेसर दाब देत नाही असे म्हणावे. बदलत्या क्षमतेच्या कॉम्प्रेसरमध्ये हेच चित्र कंट्रोल वॉल्व्ह अडकल्यानेही दिसते, आणि तो भाग पूर्ण कॉम्प्रेसरपेक्षा पुष्कळ स्वस्त असतो.

दुरुस्ती : पुलीचे बेअरिंग बदलायला जागा असेल तर कॉम्प्रेसर गाडीवरून उतरवावाही लागत नाही. मधला नट, प्लेट, सर्क्लिप आणि मग पुलरने पुली. हातोडीने ठोकून पुली काढणारा माणूस दांड्याच्या सीलला धक्का देतो, आणि महिन्याभराने गिऱ्हाईक गळती घेऊन परत येते. ही गळती कॉम्प्रेसरच्या तोंडाशी जमलेल्या तेलकट धुळीवरून ओळखू येते. थंडीत महिनोन्‌महिने एसी न लावल्यानेही सील सुकते. आठवड्यातून दहा मिनिटे तो चालवावा.

कॉम्प्रेसर आतून फुटला असेल तर काम वाढते. निघालेले तेल आधी पांढऱ्या कागदावर बघावे. स्वच्छ असेल तर ठीक. काळे असेल तर जळलेले. चंदेरी चमक असेल तर धातूचा चुरा कंडेन्सरपर्यंत पोचला आहे. आजच्या कंडेन्सरच्या सपाट, केसाएवढ्या वाटांमधून तो चुरा धुऊन निघत नाही. अशा वेळी कंडेन्सर, ड्रायर आणि एक्स्पान्शन वॉल्व्ह बदलावेच लागतात. इथे वाचवलेले पैसे नव्या कॉम्प्रेसरसकट जातात. नव्या कॉम्प्रेसरमध्ये बहुधा तेल भरलेले येते. जुन्यातून निघालेले तेल मोजून, त्या हिशेबाने नव्यातले कमी-जास्त करावे. पीएजी हवेतला ओलावा ओढते, म्हणून डबा उघडा ठेवू नये.

गळती तपासायला नायट्रोजन आणि साबणाचे पाणी पुरते. ऑक्सिजन कधीही वापरू नये; दाबाखाली तेलाशी त्याचा स्फोट होतो. मग व्हॅक्यूम, निदान अर्धा तास, आणि पंप बंद करून काटा हलत नाही ना याची वाट पाहणे. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंच असल्याने इथे काटा २९.९ इंचांवर जात नाही, २८ च्या थोडा वर थांबतो. पंपात दोष शोधायची गरज नाही. शेवटी वायू वजन करून भरावा. बॉनेटखालच्या चिठ्ठीवर ग्रॅम लिहिलेले असतात.

वायू : १९९२ मध्ये भारत माँट्रियल करारात सामील झाला आणि ओझोनला घातक असलेला जुना शीतक आर-१२ हळूहळू गेला. आर-१३४ए ओझोनला अपाय करत नाही, पण त्याची तापवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट मानली जाते. म्हणजे गॅरेजात अर्धा किलो हवेत सोडला तर सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. याच करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली असून आर-१३४एच्या गटातल्या वायूंचा वापर २०२८ ला गोठवून २०३२ पासून घटवायचा आहे. स्वस्त डब्यांत दुसरे काही मिसळलेले असू शकते. २०११ मध्ये नकली शीतकातल्या मिथाइल क्लोराइडची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन जहाजी शीत-कंटेनरांचे कॉम्प्रेसर फुटले, माणसे दगावली. मोटारीचा कॉम्प्रेसरही ॲल्युमिनियमचाच असतो.

ट्रक व विजेवरच्या गाड्या : १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. पुणे-हैदराबाद महामार्गावरच्या सोलापूरला हे काम त्यामुळे वाढत्या प्रमाणात मिळेल. विजेवरच्या गाडीचा कॉम्प्रेसर मात्र वेगळा. नेक्सॉन ईव्हीसारख्या गाडीत त्याला ३०० व्होल्टच्या वर दाबाची वीज येते, क्लच आणि पट्टा नसतोच, आणि नेहमीचे पीएजी तेल घातले तर मोटरच्या वेटोळ्यांची विद्युतरोधकता ढासळते. तिथे वेगळे, वीजरोधक तेल लागते. या विजेच्या नारिंगी केबलला हात लावण्याचे प्रशिक्षण आणि हातमोजे नसतील तर अशा गाडीचा फक्त कंडेन्सर, पंखा आणि केबिनचा फिल्टर तपासून ती पुढे पाठवावी.